जुन्या गिअरपेटीची पारख

मोटारगाडी जुनी झाली म्हणजे तिचे सर्व भाग एकाच वेळी निकामी होतात असे नाही. एखाद्या गाडीचा सांगाडा गंजून जातो, पण इंजिन शाबूत राहते; दुसरीचे इंजिन थकते, पण गिअरपेटी आणखी कित्येक वर्षे काम देण्याच्या स्थितीत असते. अशा गाड्या मोडून त्यांचे उपयोगी भाग वेगळे करण्याचा व्यवसाय भारताच्या बहुतेक मोठ्या शहरांत चालतो. मुंबईतील कुर्ला, दिल्लीतील मायापुरी, कलकत्त्यातील मलिक बाजार व चेन्नईतील पुदुपेट्टै ही ठिकाणे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. ज्या गाड्यांचे उत्पादन बंद झाले त्यांच्या मालकांना तर जुन्या भागांवाचून गत्यंतरच उरत नाही. ॲम्बॅसॅडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. मारुती ८०० चेही त्याच वर्षी थांबले.

जुनी गिअरपेटी घेताना मात्र एक अडचण असते. तिचे सारे महत्त्वाचे भाग बंद कवचात असतात. बाहेरून घासून रंगविलेली पेटी आतून झिजलेली असू शकते, आणि चिखलाने माखलेली पेटी आतून उत्तम निघू शकते. पेटी गाडीत बसविल्यानंतर दोष कळला तर ती पुन्हा उतरवावी लागते. मजुरी दुप्पट पडते, आणि गाडीवर ज्याचा चरितार्थ चालतो त्याचे तितके दिवस बुडतात. शिवाय घाट उतरताना गिअर आपोआप सुटला तर इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर येतो. म्हणून पेटी बसविण्यापूर्वीच तिची शास्त्रशुद्ध परीक्षा करणे अगत्याचे आहे. या परीक्षेतील बहुतेक कृतींना मौल्यवान उपकरणे लागत नाहीत.

गिअरपेटीचे कार्य

इंजिन ठराविक वेगमर्यादेत फिरत असतानाच पुरेसा जोर देते. गाडी जागची हलविण्यास किंवा चढ चढण्यास चाकांना जोर अधिक व वेग कमी लागतो. सपाट रस्त्यावर याच्या उलट स्थिती असते. इंजिन व चाके यांच्यामध्ये लहानमोठ्या दंतचक्रांच्या जोड्या घालून हा मेळ साधतात. फ्रान्समधील पानार व लव्हासोर यांच्या कारखान्याने १८९१ च्या सुमारास दंतचक्रे सरकवून वेग बदलण्याची पद्धत मोटारीत आणली. तीत चक्रांचे दाते एकमेकांवर आपटत. पुढे दंतचक्रे नेहमी एकमेकांत गुंतलेलीच ठेवून त्यांपैकी हवे ते शाफ्टशी जोडण्याची पद्धत आली. जोडण्यापूर्वी दोहोंचा वेग घर्षणाने समान करणारी सिंक्रोमेश रचना १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींत प्रथम विक्रीस आली.

मागची चाके चालविणाऱ्या गाडीच्या पेटीत सामान्यतः तीन शाफ्ट असतात. इंजिनाकडचा शाफ्ट क्लचमधून गती घेतो. त्याच्यावरील दंतचक्र खालच्या काउंटरशाफ्टला फिरविते. काउंटरशाफ्टवरील चक्रे मेनशाफ्टवरील चक्रांना फिरवितात. मेनशाफ्टवरील ही चक्रे एरवी शाफ्टवर सैल फिरत असतात. गिअरचा दांडा हलविला म्हणजे फोर्क नावाचा चिमटा एक स्लीव्ह सरकवितो आणि त्या स्लीव्हचे दाते चक्राच्या बाजूला असलेल्या आखूड पकडदात्यांवर चढतात. तेव्हाच ते चक्र मेनशाफ्टशी एकजीव होते. टॉप गिअरमध्ये पुढचा शाफ्ट व मेनशाफ्ट थेट जोडले जातात आणि काउंटरशाफ्ट भाराविना नुसता फिरत राहतो. दोष कोठे आहे हे ओळखण्यास ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडते.

पेटी तीच आहे काय?

पहिला प्रश्न पेटी चांगली आहे काय हा नसून ती योग्य आहे काय हा आहे. कवचावरील ओतीव क्रमांक पाहावा. परंतु केवळ त्यावर विसंबू नये, कारण कवच एका पेटीचे व आतील चक्रे दुसरीची असा प्रकारही आढळतो. इंजिनावर बसणाऱ्या तोंडाची बोल्टांची छिद्रे, पुढच्या शाफ्टची लांबी, त्यावरील स्प्लाइनची संख्या व जाडी, मागच्या फ्लँजची छिद्रे, आधाराचे कान आणि वेगदर्शकाच्या तारेची जागा ही सर्व जुन्या पेटीशी ताडून पाहावीत. गाडीतील क्लच प्लेट सोबत नेऊन ती शाफ्टवर सरकवून पाहणे ही सर्वांत सोपी कसोटी होय. ती मोकळेपणाने सरकली पाहिजे, पण फिरविताना डगडगता कामा नये.

गिअरांचे प्रमाण फेरे मोजून काढता येते. समजा, पुढच्या शाफ्टच्या चक्राला २० दाते व त्यात गुंतलेल्या काउंटरशाफ्टच्या चक्राला ३० दाते आहेत. पहिल्या गिअरच्या जोडीत काउंटरशाफ्टवर १५ व मेनशाफ्टवर ३५ दाते आहेत. तर पहिल्या गिअरचे प्रमाण ३० भागिले २० गुणिले ३५ भागिले १५, म्हणजे ३.५ होईल. पुढचा शाफ्ट ७ वेळा फिरविला की मागचा २ वेळा फिरेल. दुसऱ्या गिअरच्या जोडीत २० व ३० दाते असतील तर प्रमाण २.२५ येईल आणि ९ फेऱ्यांना ४ फेरे पडतील. तिसऱ्या जोडीत २५ व २५ असतील तर ३ फेऱ्यांना २ फेरे पडतील. टॉपमध्ये फेऱ्याला फेरा पडेल. या उदाहरणात प्रत्येक जोडीतील दात्यांची बेरीज ५० आहे. दोन शाफ्टमधील अंतर सर्वत्र सारखे आणि दात्यांचा आकारही सारखा असल्यामुळे ती तशीच येते.

दोन्ही शाफ्टांवर खडूने खूण करावी. मोजणी सुरू करण्यापूर्वी दात्यांमधील ढिलाई निघून जाईल इतका शाफ्ट फिरवून घ्यावा. आलेले प्रमाण गाडीच्या माहितीपुस्तकातील आकड्यांशी जुळले नाही तर ती पेटी दुसऱ्या गाडीची आहे किंवा तिच्यातील एखादी जोडी बदललेली आहे असे समजावे.

मारुती ८०० सारख्या पुढची चाके चालविणाऱ्या गाडीत अखेरची कपात व डिफरन्शियल एकाच कवचात असतात. तेथे चाकांकडे जाणारी एक बाजू घट्ट धरली तर दुसरी बाजू डिफरन्शियलच्या कवचाच्या दुप्पट फिरते. म्हणून मोजलेल्या फेऱ्यांची निमपट घ्यावी आणि येणाऱ्या उत्तरात अखेरची कपातही अंतर्भूत आहे हे ध्यानात ठेवावे.

न उघडता करावयाची परीक्षा

पेटी पक्क्या बाकावर ठेवून न्यूट्रलमध्ये पुढचा शाफ्ट हाताने सावकाश फिरवावा. गती एकसारखी व मऊ असावी. ठराविक जागी अडखळणे, खरखर किंवा टकटक ही बेअरिंगच्या छर्‍यांवर वा त्यांच्या वाटेवर खड्डे पडल्याची, किंवा एखादा दाता उडाल्याची खूण असते. लाकडी दांडीचे एक टोक कवचावर व दुसरे कानाशी धरले असता बारीक खरखरही ऐकू येते. न्यूट्रलमध्ये मागचा शाफ्ट तेलाच्या ओढीने किंचित फिरला तरी हरकत नाही. बोटाने धरल्यावर तो थांबला पाहिजे. न्यूट्रलमध्ये पेटी अजिबातच फिरत नसेल तर दोन गिअर एकदम पडले असण्याचा संभव असतो. असे होऊ नये म्हणून पेटीत अडसर ठेवलेला असतो. तो झिजला किंवा चुकीचा बसविला गेला की ही अवस्था येते.

त्यानंतर रिव्हर्ससह प्रत्येक गिअर टाकून पाहावा. टाकताना पुढचा शाफ्ट थोडा थोडा फिरवावा लागतो, कारण दाते समोरासमोर आले तर चांगल्या पेटीतही गिअर पडत नाही. गिअर जागेवर बसताना स्पष्ट खटका जाणवला पाहिजे. गिअर पडल्यावर मागचा शाफ्ट धरून पुढचा उलटसुलट पिळावा. दांडा आपल्या जागेवरून सरकू लागला तर तो गिअर रस्त्यावर सुटण्याची दाट शक्यता असते.

शाफ्टची ढिलाई तपासताना एक सर्वसाधारण गैरसमज टाळला पाहिजे. तीन शाफ्टांच्या पुष्कळ पेट्यांत पुढच्या शाफ्टचे टोक गाडीत असताना क्रँकशाफ्टमधील पायलट बुशात टेकलेले असते. पेटी बाहेर काढली की हा आधार नाहीसा होतो व टोक थोडे हलते. एवढ्यावरून पेटी टाकाऊ ठरवू नये. मात्र शाफ्ट वरखाली हलविताना कवचाजवळच टक् असा आवाज आला, किंवा मागचा शाफ्ट बाजूंना स्पष्टपणे हलला, तर बेअरिंग झिजले आहे असे समजावे. शाफ्ट मागेपुढे ओढल्यावर दिसणारी ढिलाई डायल गेजने मोजून माहितीपुस्तकातील मर्यादेशी ताडून पाहावी.

ही परीक्षा भाराविना होते, ही तिची मर्यादा होय. सिंक्रोमेशची झीज हाताच्या वेगाने कळत नाही. हातपरीक्षेत नापास झालेली पेटी निश्चित सदोष असते. उत्तीर्ण झालेली निर्दोष असतेच असे नाही.

तेलाची साक्ष

पेटीत तेल शिल्लक असेल तर ती मोठीच सोय होय. तळाचा बोल्ट काढून तेल पांढऱ्या थाळीत घ्यावे. बोल्टच्या चुंबकावर राखाडी रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. ती अनेक वर्षांच्या संथ झिजेची धूळ होय. परंतु बोटाला टोचणारे कण, चकाकणाऱ्या पापुद्र्या किंवा दात्याचा तुकडा आढळला तर पोलादाचा पृष्ठभाग फुटू लागला आहे असे जाणावे. थाळीतील कणांजवळून चुंबक फिरवावा. पोलाद चुंबकाला चिकटते. पितळ व काशाचे पिवळे कण मागे राहतात. ते बहुधा सिंक्रोच्या कड्याचे असतात व ते पुष्कळ असतील तर कडी झिजली आहेत असे मानावे.

दुधाळ तेल म्हणजे पाणी मिसळलेले तेल. पुरात बुडालेल्या गाडीत श्वासनलिकेवाटे पाणी आत शिरते व पेटीच्या तळाशी गाळ बसतो. तेल काढून घेतलेली पेटी एक पावसाळा उघड्यावर पडून राहिली तर दात्यांवर व बेअरिंगवर गंज चढतो. पृष्ठभागावरचा तांबूस थर पुसून जातो. पण छर्‍यांच्या वाटेवर गंजाने पडलेले खड्डे पुसले जात नाहीत. काळपट व जळक्या वासाचे तेल अतितापाचे द्योतक असते.

गाडी अद्याप चालू असल्यास

ज्या गाडीतून पेटी काढावयाची ती चालू स्थितीत असेल तर तिच्यातून फेरी मारण्याची संधी दवडू नये. न्यूट्रलमध्ये क्लचचे पेडल वर असताना आवाज येतो व पेडल दाबताच थांबतो, तर दोष पुढच्या शाफ्टच्या किंवा काउंटरशाफ्टच्या बेअरिंगमध्ये असण्याचा संभव असतो. याउलट, पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर दोष बहुधा क्लचच्या रिलीज बेअरिंगचा असतो. पेटीला दोष देऊ नये. तीन शाफ्टांच्या पेटीत आवाज खालच्या सर्व गिअरांत येतो पण टॉपमध्ये नाहीसा होतो, तर काउंटरशाफ्टकडे पाहावे. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्याच जोडीचे दाते बिघडलेले असतात. टॉपसह सर्वत्र येत असेल तर मेनशाफ्टच्या मागच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. मात्र असा आवाज गाडीच्या मागच्या ॲक्सलमधूनही येऊ शकतो.

गिअर बदलताना होणारी करकर दोन कारणांनी होते. क्लच पूर्ण सुटत नसला तर, किंवा सिंक्रोचे कडे झिजले असले तर. क्लच पूर्ण दाबून काही सेकंद थांबावे व मग रिव्हर्स टाकावा. तरीही करकर झाली तर क्लच संशयास्पद ठरतो. रिव्हर्स शांतपणे पडतो, पण चालत्या गाडीत एखादाच गिअर करकरतो व क्लच दोनदा दाबून बदलल्यास मुकाट पडतो, तर त्या गिअरचे सिंक्रो निकामी होत आहे. जुन्या जीपसारख्या काही वाहनांत पहिल्या गिअरला सिंक्रो मुळातच नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. तेथील करकर हा दोष नसून चालविणाऱ्याच्या सवयीचा भाग असतो.

पेटी उघडल्यानंतर

विक्रेत्याने अनुमती दिल्यास वरचे झाकण उघडून आत पाहावे. दंतचक्रे सामान्यतः अशा पोलादाची करतात की ज्याचा बाहेरचा पातळ थर कार्बन मुरवून अतिशय कठीण केलेला असतो व आतील गाभा चिवट ठेवलेला असतो. कठीण थर झीज सोसतो, चिवट गाभा हादरे सोसतो. दाते परस्परांवर लाखो वेळा दाबले गेले म्हणजे या थरात सूक्ष्म तडे पडतात व पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागतात. एकदा कठीण कवच सुटले की खालचा मऊ भाग झपाट्याने झिजतो. म्हणूनच खड्डे पडलेला दाता कानशीने घासून दुरुस्त होत नाही. घासल्याने उरलेला कठीण थरही जातो. दात्यांवर चकचकीत, सलग पट्टा दिसणे हे चांगले लक्षण होय. हा पट्टा दात्याच्या एकाच कडेला दिसत असेल तर शाफ्ट तिरपा चालत होता, अर्थात बेअरिंग झिजले होते, असे अनुमान निघते.

पकडदात्यांची टोके मूळची अणकुचीदार असतात. ती गोलसर झाली असतील तर गिअर नीट पडत नाही. त्यांच्या बाजू झिजून उतरत्या झाल्या असतील तर भाराखाली स्लीव्ह मागे ढकलली जाते व गिअर सुटतो. फोर्कची टोके व स्लीव्हची खाच यांमधील अंतर वाढले असले, किंवा फोर्क तापून निळसर झाला असला, तर तो बदलावा.

सिंक्रोच्या कड्याची परीक्षा विशेष महत्त्वाची आहे. हे कडे आतून निमुळते असते व चक्राच्या शंकूवर दाबले जाते. आतील बारीक आटे तेलाचा थर कापून काढतात, म्हणूनच धातू धातूला धरू शकतो. आट्यांच्या कडा बोथट होऊन सपाट झाल्या की तेलाचा थर कापला जात नाही व कडे घसरते. कडे शंकूवर हाताने दाबून पिळून पाहावे. चांगले कडे घट्ट धरते. मग कडे दाबून धरून ते व चक्राचे पकडदाते यांमधील फट फीलर गेजच्या पात्यांनी मोजावी. पुष्कळ लहान मोटारींत नव्या कड्याची फट सुमारे १ मि.मी. असते व ती अर्ध्या मि.मी.च्या आत आली की कडे बदलतात. निश्चित मर्यादा त्या त्या गाडीच्या पुस्तकावरून घ्यावी. झीज वाढते तशी ही फट कमी होत जाते, हे नवशिक्यास उलटे वाटते. परंतु कडे जितके झिजेल तितके ते शंकूवर अधिक आत सरकते.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, तेलाचा थेंब टाकून सावकाश फिरवावे. हवेच्या झोताने ते गरगरा फिरवू नये. कोरडे छर्रे वाटेवर चरे पाडतात.

कवचातील तडे

पुष्कळ पेट्यांचे कवच ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ओतीव असते. गाडीला धक्का बसल्यास किंवा पेटी खाली पडल्यास बोल्टांच्या कानांजवळ तडे जातात. ताजा रंग व जोडकामाच्या खुणा यांकडे संशयाने पाहावे. संशयित जागा स्वच्छ करून तीवर रॉकेल लावावे, काही वेळाने ती पुसून कोरडी करावी व वर खडूची पूड फासावी. तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल बाहेर झिरपते व पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. बोल्टांचे आटे शाबूत आहेत काय हेही प्रत्येक छिद्रात बोल्ट हाताने फिरवून पाहावे.

निर्णय

निष्कर्ष कागदावर तीन रकान्यांत मांडावेत. ऑइल सील, गॅस्केट व खटक्याच्या स्प्रिंगा यांतील दोष स्वस्तात दुरुस्त होतात. त्यांमुळे पेटी नाकारू नये. बेअरिंग व सिंक्रोची कडी बदलता येतात, पण त्यासाठी सर्व पेटी सोडवावी लागते. तो खर्च किमतीतून वजा करून सौदा करावा. तुटलेले वा खड्डे पडलेले दाते, झिजलेले पकडदाते, बेअरिंगच्या बैठकीतून गेलेला तडा किंवा पाण्याने खाल्लेल्या चक्रांचा संच आढळल्यास पेटी घेऊ नये, मग किंमत कितीही कमी असो. खरेदीची पावती अवश्य घ्यावी. भाग चोरीच्या गाडीतील नाही याचा तो आधार असतो.

बसविण्यापूर्वी पुढील व मागील ऑइल सील नवी घालावीत. पेटी बाहेर असताना ती थोडक्यात बदलतात. रिलीज बेअरिंग व क्लच प्लेट त्याच वेळी तपासावीत. पेटी चढविताना तिचे वजन क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नये, नाहीतर प्लेट वाकते व चांगली पेटीही करकरू लागते. तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच भरावे. अतिदाबाच्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये पितळी कड्यांना अपायकारक ठरतात, तर अतिनिसरड्या तेलात सिंक्रोची पकड कमी होते. म्हणून अधिक भारी प्रत म्हणजे अधिक चांगले तेल असे समजू नये.

अभ्यासासाठी

१. सायकलीच्या पुढच्या व मागच्या चक्रांचे दाते मोजून प्रमाण काढा व पायडल फिरवून फेऱ्यांशी ताडून पाहा.

२. लोखंडाचा व पितळेचा कीस तेलात मिसळून चुंबकाने वेगळा करा. पेटीतील तेलाच्या परीक्षेशी त्याचा संबंध लिहा.

३. तडा गेलेल्या ओतीव भांड्यावर रॉकेल व खडू यांचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. जवळपास विस्तव ठेवू नका.

४. गिअरपेटीत आवाज टॉप गिअरमध्ये येत नाही, इतर सर्व गिअरांत येतो. दोष कोठे असावा व कोणत्या कारणाने, ते आकृती काढून स्पष्ट करा.